विश्लेषण : कोयनेचा प्रत्येक धक्का नोंदला जातो, मग डोंगरातल्या दरडीची नोंद का नाही?

पाटण तालुक्यात जमीन हलली की थोड्याच वेळात मोबाइलवर आकडे येतात. तीव्रता किती, केंद्रबिंदू कोयना धरणापासून किती किलोमीटरवर, खोली किती. माणसाला जाणवलेही नसतील असे धक्के भूकंपमापकाच्या नोंदीत राहतात. त्याच तालुक्यात एखाद्या रात्री डोंगराचा अर्धा एकर उतार सुटून ओढ्यात गेला आणि त्याच्या खाली ना घर होते ना शेत, तर त्याची नोंद बहुतेक वेळा कुठल्याच दफ्तरात होत नाही. पुढची दरड कुठे येऊ शकते याचा अंदाज बांधायला मात्र नेमकी हीच नोंद लागते.

२०२१ मध्ये काय घडले होते?

गुरुवार, २२ जुलै २०२१. त्या दिवशीच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४.४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथला तो तोवरचा विक्रम. त्याच पावसात पाटण तालुक्यात मोरणा खोऱ्यातील आंबेघर, तसेच कोयना भागातील मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगराचा भाग घरांवर आला. तिन्ही ठिकाणी मिळून तीसच्या आसपास माणसे गेली. रस्ते वाहून गेले होते, त्यामुळे मदत पथकांना घटनास्थळी पोहोचायलाच बराच वेळ लागला. त्याच दिवशी रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या तळिये गावात ८० हून अधिक जणांचा जीव गेला.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर एकच प्रश्न विचारला जातो : आधी काही कळले नसते का? त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर या डोंगरांत आदल्या वीस-तीस पावसाळ्यांत कुठला उतार, कोणत्या तारखेला, किती पावसानंतर हलला हे माहीत असावे लागते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यातले बरेच ठाऊक असते. वरचा टप्पा कधी खचला, कुठल्या वर्षी ओढा गढूळ होऊन थांबला, हे त्यांना तारखेनिशी नसले तरी सणावरून किंवा कुणाच्या लग्नावरून सांगता येते. कागदावर ते नसते.

पंचनामे होतात, ते पुरेसे नाहीत का?

नाहीत, कारण ते वेगळ्या कामासाठी असतात. ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे पूर्वीचे तलाठी), ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामा करतात तो नुकसानीचा. घराची पडझड अंशतः की पूर्णतः, जनावरे किती दगावली, शेतजमीन खरडून गेली की तिच्यावर गाळ साचला, हे त्यात येते, कारण त्यावरून मदतीची रक्कम ठरते. दरड कुठून सुटली, तिथला उतार किती तीव्र होता, आत लाल माती होती की मुरूम, वरती भेगा किती लांब आहेत, हे त्या नमुन्यात विचारलेलेच नसते. ज्या दरडीने कुणाचे काही नेले नाही तिचा पंचनामा होण्याचे कारणच नाही.

पावसाच्या निकषाचेही तसेच. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते आणि पीकनुकसानीचे पंचनामे सुरू होतात. माण-खटावला हा आकडा खूप मोठा आहे. नवजा, कोयनानगरकडे मात्र जुलैत ६५ मिलिमीटरचा दिवस लोक उघाड समजतात. दरडीच्या दृष्टीने त्या आकड्याला तिथे काही अर्थ उरत नाही.

आणखी एक खोट आहे, ती सहज लक्षात येत नाही. कराड-चिपळूण रस्त्यावर कुंभार्ली घाटात चार दगड आले तरी वाहतूक थांबते, जेसीबी लागतो, बातमी होते. म्हणून उपलब्ध नोंदी एकत्र करून नकाशावर टिंबे मांडली, तर ती टिंबे रस्त्यांच्या कडेने रांगेत उभी राहतात. असा नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, डोंगर फक्त रस्त्यालगतच खचतो. रस्ते खोदल्याने उतार कमकुवत होतात हे खरेच, पण टिंबांची ती रांग माणसांची ये-जा कुठे आहे हेही तितकेच दाखवत असते. कोयना अभयारण्याच्या आतल्या उतारांवर काय पडते हे पाहणारे वनरक्षकच. व्याघ्र प्रकल्पात गस्तीच्या नोंदी आता मोबाइलवर होतात. त्यात ‘ताजी दरड’ असा एक रकाना वाढवायला फार खर्च येऊ नये.

इथला डोंगर खचतो कसा?

पाटणचे डोंगर काळ्या कातळाचे, म्हणजे बेसॉल्टचे, एकावर एक थर रचल्यासारखे. काही थरांच्या मध्ये लाल, चिकणमातीसारखा पातळ पट्टा असतो. घाटात रस्ता कापलेला असेल तिथे तो भिंतीत स्पष्ट दिसतो. बऱ्याच माथ्यांवर जांभ्या दगडाची सपाट टोपी असते, तिला सडा म्हणतात. उलट्या धबधब्यामुळे पर्यटकांना माहीत झालेल्या सडावाघापूरच्या नावातच तो शब्द आहे. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, तेही असेच पठार.

जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून आत उतरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि मग आडवे सरकून डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. किती पाणी, याचा हिशेब सोपा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. एका दिवसात ५०० मिलिमीटर पडला तर त्या एका हेक्टरवर ५० लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ५०० टँकर. यातले बरेच पाणी वाहून जाते, पण मुरलेले पाणी मातीच्या कणांमधली पोकळी भरते, कणांना आतून रेटते आणि त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. कित्येक वर्षांत डोंगराच्या पायथ्याशी घसरून साचलेला दगडमातीचा ढीग अशा वेळी चिखलाच्या लोंढ्यासारखा धावत सुटतो.

हाच ढीग शेतीला चांगला असतो. माती खोल, वरून झऱ्याचे पाणी, उतार जरासा सौम्य. भाताची खाचरे आणि वाड्या तिथेच वसल्या त्या काही चुकून नव्हे.

कोयनेच्या भूकंपांमुळे डोंगर खिळखिळे झाले, असे या भागात सर्रास बोलले जाते. मोठ्या धक्क्याने कडे सैल होऊ शकतात, भेगा पडू शकतात. जुलैतल्या दरडींना तात्कालिक कारण मात्र पाऊसच असते. भूकंपाचा वाटा किती, हे ठरवायचे तर धक्क्याआधीच्या आणि नंतरच्या भेगांची मोजमापे हवीत. म्हणजे पुन्हा नोंदीचाच प्रश्न.

भूकंपाच्या बाबतीत हे कसे जमले?

कोयना धरणात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागले आणि परिसरात हादरे जाणवू लागले. भूकंपमापक बसवले गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे १८० जण मरण पावले, कोयनानगर जमीनदोस्त झाले. त्यानंतर नोंदी थांबल्या नाहीत. ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त आणि ४ च्या वरचे सुमारे दोनशे भूकंप या यादीत आहेत, लहान धक्के तर हजारो. पुढे कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची भूभौतिक प्रयोगशाळा उभी राहिली आणि पाटण तालुक्यात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले.

या यादीचे मोल लहान धक्क्यांमुळे आहे. जलाशयाची पातळी चढते-उतरते तसे धक्क्यांचे प्रमाण बदलते, हे फक्त मोठे भूकंप मोजले असते तर कधीच दिसले नसते. जगभरात धरणाच्या पाण्याने होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की कोयनेचे नाव घेतले जाते, ते याच चिकाटीमुळे. दरडींच्या बाबतीत पाटणकडे फक्त ‘मोठ्यां’ची यादी आहे.

हिमालयात हिमस्खलनाची नोंद कशी होते?

बर्फाळ डोंगरांत हा धडा फार आधी गिरवला गेला. मनालीला १९६९ मध्ये हिम आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली. आज ते काम संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या चंदीगड येथील संस्थेकडे आहे. बर्फाची जाडी, तापमान, वारा आणि थरांचा कमकुवतपणा यांच्या जोडीने एक गोष्ट न चुकता पाहिली जाते : आजूबाजूला हिमस्खलन झाले का? माणूस, चौकी किंवा रस्ता सापडला नसला तरी. कारण पुढच्या हिमस्खलनाचे सगळ्यात भरवशाचे लक्षण म्हणजे तशाच उंचीच्या, तशाच दिशेच्या उतारावर नुकतेच येऊन गेलेले हिमस्खलन.

कॅनडात निरीक्षक प्रत्येक हिमस्खलनाला एक ते पाच असा आकार देतात. एक म्हणजे माणूस सहसा गाडला जाणार नाही इतके, दोनमध्ये माणूस मरू शकतो, तीनमध्ये मोटार गाडली जाते, पाच म्हणजे गाव पुसले जाईल इतके. ते कधी झाले हे कुणी पाहिले नसेल तर वेळेचा अंदाज ठोकत नाहीत. ‘काल संध्याकाळी उतार शाबूत दिसला, आज सकाळी तुटलेला दिसला’ असे दोन टोकांत लिहितात. दुर्बिणीतून समोरच्या धारेवर पाहिले की जवळ जाऊन, हेही लिहितात.

एवढे करूनही सगळेच कळते असे नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. त्यातला एक सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मस्करवाडीचा होता. दुष्काळी गावातल्या मुलाला बर्फाने नेले, ही बातमी जिल्ह्याने तेव्हा सुन्न होऊन वाचली होती.

सरकारी नकाशे आहेत ना?

आहेत. बर्फाचा प्रदेश वगळता देशाच्या १२.६ टक्के भूभागाला दरडींचा धोका असल्याचे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे ‘जीएसआय’ सांगते. सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर. त्यातले ९० हजार पश्चिम घाट आणि कोकणच्या डोंगरांत. २०१४ पासून हाती घेतलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या भागाचे दरडप्रवणता नकाशे तयार झाले आहेत.

हे नकाशे ५० हजारास एक या प्रमाणाचे आहेत. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. शंभर मीटर पसरलेली वीस-पंचवीस घरांची वाडी या नकाशावर दोन मिलिमीटरची होते, पेन्सिलीच्या टोकाएवढी. तालुक्याचा कुठला पट्टा जोखमीचा हे त्यावरून कळते, पण वाडीतली वरची आळी हलवायची की खालची, हे कळत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले.

यादीतल्या गावांचेही सुख नाही. पावसाळ्याच्या तोंडावर सुरक्षित ठिकाणी जाण्याच्या नोटिसा येतात. गुरे कुठे बांधायची, भातलावणी कुणी करायची याचे उत्तर नोटिशीत नसते. वर्षानुवर्षे नोटीस येते आणि काही घडत नाही, तेव्हा तिचा कागद होतो. ‘यंदा या उतारावरची भेग गेल्या वर्षीपेक्षा दोन हात लांबली आहे’ असे त्यात लिहिता आले, तर लोक ती वेगळ्या नजरेने वाचतील.

उपग्रहातून दरड दिसत नाही का?

दिसते, पण पावसाळ्यात ढग आड येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये देशाचा दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यात १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८० हजार दरडी आहेत. हिरव्या डोंगरावर ताजी दरड तपकिरी ओरखड्यासारखी उठून दिसते. सह्याद्रीत हा ओरखडा फार दिवस टिकत नाही. गणपती ते दिवाळीच्या दरम्यान आकाश मोकळे होईतो लहान जखमांवर गवत चढलेले असते. शिवाय उपग्रह दरड दाखवतो, ती कुठल्या रात्री कोसळली हे तो सांगू शकेलच असे नाही. आणि तारीख नसेल तर त्या दरडीचा पावसाशी सांधा जुळत नाही.

गावाला काय करता येईल?

एक चांगली नोंद करायला दहा मिनिटे आणि एक मोबाइल पुरतो. त्यात आधी जागा हवी. ‘गावाच्या वर’ असे नको, फोनमधले अक्षांश-रेखांश हवेत, आणि फोटो कुठून काढला तेही. मग वेळ, दोन टोकांत. नंतर दरड कुठे सुटली आणि कुठे थांबली, रुंदी अंदाजे किती, ओळखीच्या आंब्याच्या किंवा घराच्या मापाने सांगितली तरी चालते. काय आले : सुटे दगड, लाल माती, की पाण्यासकट चिखल. उताराचे तोंड कुठल्या दिशेला आहे. वरती नवा झरा फुटला का, जुना आटला का. शेवटी, हे स्वतः पाहिले की ऐकले. नमुन्यादाखल : “१४ जुलै, सायंकाळी सहाला उतार शाबूत. १५ जुलै, सकाळी सातला तुटलेला. पश्चिमेकडचा उतार, लाल माती आणि गोटे, ओढ्यापर्यंत आले, नुकसान नाही. समोरच्या धारेवरून पाहिले.” एवढ्यात बरेच काही आले. ‘नुकसान नाही’ हे शब्द विशेष महत्त्वाचे, कारण एरवी तिथेच नोंद संपते.

फोटोसाठी दरडीवर किंवा तिच्या खाली जाऊ नये. कोसळलेल्या उताराचा उरलेला भाग बरेचदा मागून येतो. समोरच्या सुरक्षित जागेवरून पाहावे, तेही दिवसा आणि पाऊस थांबल्यावर.

काही खुणांना मात्र नोंदवहीची वाट पाहायची नसते. जमिनीला नवी भेग, घराच्या जोत्याला तडा, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक कमी होणे. ओढा आटला म्हणजे वर कुठेतरी तो अडला आहे आणि अडलेले पाणी फुटणार आहे. अशा वेळी आधी घर सोडायचे, मग १०७७ किंवा ११२ ला फोन.

दरडीच्या नोंदीला पावसाच्या आकड्याची जोड लागते. साताऱ्याची वर्तमानपत्रे पावसाळ्यात रोज कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस छापतात, कारण धरणाच्या साठ्यासाठी तो मोजला जातो. मोरणा किंवा केरा खोऱ्यातल्या एखाद्या वाडीच्या माथ्यावर त्याच रात्री किती पडला, हे त्यावरून कळत नाही. डोंगरात एका धारेपलीकडे पावसाचे मान बदलते. केरळमधील वायनाडमध्ये एका स्थानिक अभ्यास संस्थेने शेतकऱ्यांच्या मदतीने सुमारे दोनशे पर्जन्यमापकांचे जाळे उभे केले आहे. ३० जुलै २०२४ च्या दुर्घटनेच्या आदल्या दिवशी या संस्थेने वाढत्या पावसाचे आकडे पाहून प्रशासनाला धोका कळवला होता. तरी अडीचशेहून अधिक माणसे गेली. आकडा वेळेत मिळणे आणि त्यावर रात्रीच्या आत गाव हलणे, यांत मोठे अंतर असते. पण आकडाच नसेल तर हलवायचे कुणाला आणि कशाच्या आधारावर?

नोंद द्यायची कुठे?

तातडीची असेल तर तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला. तातडीची नसेल तर ग्रामपंचायतीत लेखी, आवक क्रमांकासह, एक प्रत स्वतःकडे ठेवून. जीएसआयने जुलै २०२४ मध्ये कोलकात्याला राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र सुरू केले, त्यासोबत ‘भूसंकेत’ हे संकेतस्थळ आणि ‘भूस्खलन’ हे मोबाइल अॅपही आले. रोजच्या पूर्वसूचनांची सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांपासून झाली. तिथे आधीपासून झालेल्या नोंदींमुळे पावसाची धोक्याची पातळी ठरवता आली होती. अमेरिकेच्या ‘नासा’नेही सर्वसामान्यांकडून दरडींच्या नोंदी घेणारा जागतिक संग्रह खुला ठेवला आहे. त्यात एखाद्या वाडीवरची दरडही घालता येते.

नोंद एकदा करून भागत नाही. पावसाळ्यातला फोटो हिरवा येतो आणि भेगा गवतात लपतात. माघ-फाल्गुनात गवत वाळते, वणव्याआधी किंवा गुरे चरून गेल्यावर जमीन उघडी पडते, तेव्हा त्याच जागी उभे राहून त्याच उताराचा दुसरा फोटो काढावा लागतो. भेगेच्या दोन्ही काठांना एकेक खुंटी ठोकून मधले अंतर वहीत लिहून ठेवले, की पुढच्या ज्येष्ठात टेप धरून ते पुन्हा मोजता येते.